कत्तलखान्यातला छुपा कॅमेरा आणि पत्रकाराचं स्वातंत्र्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्ह्याच्या ठिकाणी वार्ताहरांच्या शिबिरात बोलायला गेलो आणि स्टिंगचा, म्हणजे लपूनछपून केलेल्या चित्रीकरणाचा, विषय निघाला, की कुणीतरी कत्तलखान्याचं विचारतंच. भाषण संपून चहा सुरू झाला की हमखास. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी वकील नाही, बातमीदारी आणि डेस्क (आलेल्या बातम्या तपासून छापायला देण्याचं काम) यांत केस पिकलेत इतकंच. खिशात कॅमेरा घालण्याआधी आपल्या दैनिकाच्या वकिलांना फोन करायचा, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

कत्तलखान्यातलं स्टिंग म्हणजे नेमकं काय?

तीन निरनिराळ्या गोष्टींना आपण हे एकच नाव देतो. पहिल्या प्रकारात माणूस रीतसर नोकरीला लागतो आणि शर्टाच्या बटणात कॅमेरा लपवून काम करतो. दुसऱ्यात कुणी रात्री कुंपण ओलांडून आत जातो आणि कॅमेरा बसवून येतो. तिसऱ्यात आतलाच कामगार किंवा जनावरं आणणारा ड्रायव्हर मोबाइलवर काढलेली क्लिप आणून देतो. माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक क्लिपा तिसऱ्या प्रकारातल्या होत्या. कायदा या तिन्हींकडे वेगळ्या नजरेनं बघतो, त्यामुळे क्लिप हातात आली की पहिला प्रश्न हाच: ही कुणी आणि कशी काढली?

एखादं उदाहरण सांगा, ज्यात अशा चित्रीकरणानं खरोखर काही बदललं.

चिनो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या पूर्वेला हे गाव आहे. तिथे हॉलमार्क/वेस्टलँड नावाचा कत्तलखाना होता. दूध आटलेल्या, डेअरीनं काढून टाकलेल्या गायी तिथे येत. २००७ च्या उत्तरार्धात ह्यूमेन सोसायटी ऑफ द युनायटेड स्टेट्स या संस्थेचा एक माणूस तिथे मजूर म्हणून लागला आणि सुमारे सहा आठवडे राबला.

त्यानं टिपलेली दृश्यं मी एकदाच सलग पाहिली आहेत. एक काळी-पांढरी गाय सिमेंटच्या फरशीवर बसली आहे, पुढचे पाय दुमडलेले. तिला उठता येत नाही. फोर्कलिफ्टचे लोखंडी दाते तिच्या पोटाखाली शिरतात आणि ती पोत्यासारखी लोळवली जाते. दुसरीला विजेचा झटका देतात. तिसरीच्या नाकात पाण्याचा जोरदार फवारा सोडतात, गुदमरून तरी उठेल म्हणून. हा सगळा आटापिटा कशासाठी? तर जनावर स्वतःच्या पायांवर उभं राहिलं तरच ते कापायला पास होतं. उठू न शकणाऱ्या गायीत मॅड काऊ रोगाची शक्यता अधिक धरली जाते, म्हणून तिचं मांस माणसाच्या पोटात जाऊ नये, असा नियम. म्हणजे हे हाल निव्वळ दुष्टपणानं चालले नव्हते, त्यामागे पैशाचा हिशेब होता.

३० जानेवारी २००८ रोजी हे फुटेज जाहीर झालं. १७ फेब्रुवारीला १४ कोटी ३० लाख पौंड, म्हणजे जवळजवळ साडेसहा कोटी किलो मांस परत मागवण्याची घोषणा झाली. अमेरिकेच्या इतिहासात तोवर एवढं मांस कधी परत मागवलं गेलं नव्हतं. त्यातलं बरंचसं तोपर्यंत खाऊन संपलं होतं, आणि खाणाऱ्यांत सरकारी योजनेतून जेवणारी शाळेतली मुलंही होती.

पण तिथे सरकारी निरीक्षक नव्हते का?

होते. आणि या सगळ्या विषयाची मेख माझ्या मते इथेच आहे. अमेरिकेत कत्तलखाना चालू असताना कृषी खात्याचे निरीक्षक तिथे असावेच लागतात. त्यांच्या तपासणीशिवाय मांसावर शिक्का बसत नाही. चिनोतल्या मांसावर तो रोज बसत होता. वर, शालेय आहार योजनेला माल पुरवणाऱ्यांमध्ये २००४-०५ चा सर्वोत्तम पुरवठादार म्हणून याच कंपनीचा खात्यानं गौरवही केला होता.

छुप्या कॅमेऱ्याबद्दल बोलताना 'हा माणूस आत शिरलाच कसा' यावर सगळे तावातावानं बोलतात. ज्याला आत शिरायचा पगार मिळतो त्याला हे का दिसलं नाही, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

'ॲग-गॅग' कायदा म्हणजे काय?

शेती आणि पशुपालनाच्या जागी परवानगीशिवाय चित्रीकरण करणं, किंवा खोटं सांगून तिथे नोकरी मिळवणं हाच गुन्हा ठरवणारे अमेरिकी राज्यांचे कायदे. नाव दिलं न्यूयॉर्क टाइम्सचे स्तंभलेखक मार्क बिटमन यांनी, २०११ मध्ये. ॲग म्हणजे शेती, गॅग म्हणजे तोंडात कोंबलेला बोळा. कॅन्सस राज्यात असा कायदा १९९० मध्येच झाला होता, पण खरी लाट आली ती चिनोनंतर. आयोवा आणि युटा ही राज्यं २०१२ मध्ये, आयडाहो २०१४ मध्ये. आयडाहोचं कारण तर उघडच होतं. तिथल्या एका मोठ्या डेअरीत गायींना मारहाण होतानाचं फुटेज २०१२ मध्ये बाहेर आलं होतं.

मिझुरीची युक्ती आणखी निराळी. तिथल्या २०१२ च्या कायद्यानुसार, जनावरांच्या छळाचं चित्रीकरण केलं असेल तर ते २४ तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचं. ऐकायला किती छान! पण चिनोत सहा आठवडे काढले म्हणून हे रोजचंच आहे, वरपासून खालपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, हे सिद्ध झालं. पहिल्याच दिवशी क्लिप पोलिसांना दिली असती तर एका मजुराला काढून टाकून प्रकरण मिटलं असतं.

हे कायदे न्यायालयात टिकले का?

निम्मेअर्धे. युटातली गोष्ट आधी सांगतो. २०१३ मध्ये ड्रेपर गावात एक तरुणी सार्वजनिक रस्त्यावर उभी राहून कत्तलखान्याचं चित्रीकरण करत होती. आजारी दिसणारी गाय यंत्रानं ढकलत नेली जात होती, ते तिनं टिपलं. तिच्यावर नव्या कायद्याखाली खटला भरला गेला, देशातला असा पहिलाच. बातमी झाली, गवगवा झाला, आणि सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतले. २०१७ मध्ये युटाचा कायदाच संघीय न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला.

आयडाहोच्या बाबतीत अपील न्यायालयानं जानेवारी २०१८ मध्ये निवड केली. चित्रीकरणावरची बंदी रद्द, कारण चित्रीकरण हीही अभिव्यक्ती. पण मालकाला इजा करण्याच्या हेतूनं खोटं बोलून नोकरी मिळवणं हा गुन्हा, हे कलम कायम. आयोवाचा पहिला कायदा जानेवारी २०१९ मध्ये खालच्या न्यायालयात पडला, आणि मार्चमध्ये तिथल्या विधिमंडळानं दुसरा केला! चिकाटी वाखाणण्यासारखी. कॅन्ससचा कायदा २०२१ मध्ये अपिलात गेला, तो वाचला नाही.

खोटं बोलून नोकरी मिळवली, तर ती फसवणूकच की. पत्रकाराला वेगळा न्याय का?

वेगळा न्याय नको, पण हिशेब योग्य खात्यात मांडायला हवा. फूड लायन खटला बघा. फूड लायन ही अमेरिकेतली किराणा दुकानांची साखळी. तिथे खराब झालेलं मांस पुन्हा पॅक करून विकतात, असं एबीसी वाहिनीला कळलं. दोन वार्ताहर खोटे अर्ज भरून दुकानात कामाला लागल्या, छुप्या कॅमेऱ्यानं चित्रीकरण केलं आणि १९९२ मध्ये कार्यक्रम दाखवला गेला. कंपनीनं दावा ठोकला. मात्र बदनामीचा नाही! दाखवलं ते खोटं आहे, असा दावाच न्यायालयात मांडला नाही. दावा होता फसवणुकीचा, बेकायदा प्रवेशाचा आणि नोकर म्हणून निष्ठा न पाळल्याचा. १९९७ मध्ये ज्युरीनं ५५ लाख डॉलरचा दंड सुनावला. १९९९ मध्ये अपिलात तो किती उरला? दोन डॉलर. बेकायदा प्रवेशाचा एक, निष्ठाभंगाचा एक.

हा निकाल मला फार आवडतो. गुन्हा झाला का? झाला. त्यातून दुकानाच्या जागेचं आणि नोकरीचं नुकसान किती झालं? तेवढं भरा. गिऱ्हाईक तुटलं, नाव खराब झालं, ते मात्र मांसामुळे. त्याचं बिल वार्ताहराच्या नावावर फाडता येणार नाही.

इतर देशांत काय परिस्थिती आहे?

ऑस्ट्रेलियात वारं उलटसुलट वाहिलं आहे. टास्मानियात पॉसम नावाच्या प्राण्याचं मांस तयार करणाऱ्या लेना गेम मीट्स या कंपनीत चोरून बसवलेल्या कॅमेऱ्याचं फुटेज एबीसी या सार्वजनिक वाहिनीच्या हाती लागलं. (ही ऑस्ट्रेलियाची एबीसी. फूड लायनवाली अमेरिकेची, घोटाळा नको.) प्रसारण रोखायची कंपनीची लढाई देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेली आणि २००१ मध्ये तिथे कंपनी हरली. कंपनीला माणसासारखी खासगी भावना कुठून येणार, असा सूर त्या निकालात आहे. पुढे न्यू साउथ वेल्स राज्याचा पाळत-उपकरणांबाबतचा कायदा आव्हानाला आला. बेकायदा चित्रीकरण जवळ बाळगणं आणि प्रसिद्ध करणं हाही त्यात गुन्हा. २०२२ मध्ये तो चार विरुद्ध तीन न्यायाधीशांच्या मतानं टिकला. २०२५ मध्ये तर संघीय न्यायालयाच्या पूर्ण पीठानं व्हिक्टोरियातल्या शेळ्यांच्या एका कत्तलखान्यात घुसून काढलेल्या फुटेजचा स्वामित्वहक्कच कत्तलखान्याच्या पदरात टाकला. चित्रीकरण कुणी केलं? कार्यकर्त्यांनी. मालकी कुणाची? कंपनीची. यापुढे 'तुम्ही आमची चित्रफीत चोरलीत' असा दावा पत्रकारावर येऊ शकतो, याचा तिथल्या संपादकांना घोर लागला नसता तरच नवल.

जर्मनीत २०१८ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं वाहिनीच्या बाजूनं कौल दिला. सेंद्रिय म्हणवणाऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये रात्री घुसून कार्यकर्त्यानं चित्रीकरण केलं होतं, वाहिनीनं ते दाखवलं. घुसखोरी वाहिनीनं केली नव्हती, दाखवलं ते खरं होतं, आणि ग्राहकाला ते कळणं महत्त्वाचं होतं. फ्रान्समध्ये एल-२१४ नावाची संघटना आहे. प्राणी हा संवेदनशील जीव आहे असं सांगणाऱ्या तिथल्या कायद्याच्या कलमाचा क्रमांकच तिनं नाव म्हणून घेतला. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिनं आलेस शहराच्या कत्तलखान्यातली दृश्यं बाहेर आणली आणि महापौरांनी तो लगोलग बंद केला. पाठोपाठ आणखी दोन ठिकाणची दृश्यं आली, संसदीय चौकशी समिती बसली. त्याच संघटनेच्या सहसंस्थापकाला मात्र डुकरांच्या एका कत्तलखान्यात कॅमेरे लपवल्याबद्दल २०१७ मध्ये दंड झाला. म्हणजे फुटेज उपयोगी पडलं तरी घुसल्याची शिक्षा चुकली नाही.

भारतात असा चित्रीकरणबंदीचा खास कायदा आहे का?

नाही. आपली अडचण दुसरीकडे आहे, ती पुढे येईलच.

राज्यघटनेत पत्रकारस्वातंत्र्य आहे ना? मग कॅमेरा घेऊन कुठेही जाता येईल.

येणार नाही. घटनेत 'पत्रकार' हा शब्दच नाही. कलम १९(१)(अ) मधलं भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला आहे, वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य त्याच्याच पोटात बसतं. ते किती रुंद आहे हे ठरवणाऱ्या महत्त्वाच्या खटल्यांपैकी एक आपल्या पुण्याच्या 'सकाळ'चा. किती पानांना किती किंमत लावायची हे सरकारनं ठरवून दिलं, त्याविरुद्ध 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये जिंकला. खप रोखणं म्हणजे विचार पोचण्यावर घाला, असं न्यायालयानं म्हटलं. पण छापायचं स्वातंत्र्य वेगळं आणि दुसऱ्याच्या आवारात शिरायचा हक्क वेगळा. प्रेस कार्डानं टोल नाक्यावर वाद घालता येतो, फाटक उघडत नाही.

मग स्टिंग कायदेशीर की बेकायदेशीर?

याचं 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे खासदार २००५ मध्ये कॅमेऱ्यात सापडले, त्या पत्रकारांवरचा खटला दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये रद्द केला. भ्रष्टाचार उघड करणं हे नागरिकाचं कर्तव्यच, अशी भूमिका घेतली. बीएमडब्ल्यू अपघात खटल्यात साक्षीदार फोडण्याचा प्रयत्न उघड करणारं स्टिंग सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये जनहिताचं मानलं. पण २०१४ मध्ये त्याच न्यायालयानं रजत प्रसाद प्रकरणात बजावलं, की स्टिंग करणाऱ्याला सरसकट अभय नाही, प्रत्येक प्रकरणात हेतू तपासला जाईल. आणि २००७ मधलं दिल्लीतलं ते बनावट स्टिंग आठवत असेल. एका शिक्षिकेवर भलताच आरोप, जमावाकडून तिला मारहाण, आणि नंतर कळलं की सगळं रचलेलं होतं. त्या एका वाहिनीनं आपल्या सगळ्यांची पत घालवली.

म्हणून आधी लिहून ठेवा. संशय कशावरून आला, उघड मार्गानं काय काय करून पाहिलं, संपादकांनी कोणत्या तारखेला होकार दिला. हे सगळं त्या त्या वेळी कागदावर हवं, अशी प्रेस कौन्सिलचीही अपेक्षा आहे. नंतर आठवून लिहिलेली टिपणं वकील दोन मिनिटांत फाडतात.

कत्तलखान्यात मुळात प्राणी मारतातच. मग क्रूरता कशाला म्हणायची?

शिबिरात हा प्रश्न विचारणारा बहुतेकदा हसत विचारतो. उत्तर मात्र छापील आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आणि त्याखालचे कत्तलखाना नियम २००१ चे. गाभण जनावर कापायचं नाही. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू कापायचं नाही, आणि तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू असलेली आईही नाही. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. पशुवैद्यकानं तपासून दाखला दिल्याशिवाय काहीच कापायचं नाही. धार्मिक रीतीनं मारण्याला मूळ कायद्याच्या कलम २८ नं सूट आहे. म्हणजे हलाल की झटका, हा वाद इथे गैरलागू.

आणि माझा सगळ्यात आवडता नियम. एका पशुवैद्यकानं तासाला १२ पेक्षा जास्त आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. म्हणजे प्रत्येक जनावरामागे पाच मिनिटं, आठ तासांची पाळी. हा नियम माहीत असेल तर रक्ताचं एकही दृश्य न दाखवता बातमी होते.

काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेच्या कत्तलखान्यात मी पहाटे चारला गेलो होतो, उघडपणे, परवानगी काढून. दारातल्या टेबलावर जांभळ्या शाईचं स्टॅम्पपॅड, कडेला वाळलेली शाई खरवडून काढलेली. रजिस्टर उघडंच होतं. तपासणीच्या रकान्यात एकाच पेनानं, एकाच तिरप्या अक्षरात 'योग्य, योग्य, योग्य' पानभर लिहिलेलं. बकरी आत यायची होती. मी पान उलटलं तर उद्याच्या तारखेच्याही सहा ओळी भरून तयार. तिथला कारकून म्हणाला, "साहेबांना उद्या मीटिंग आहे ना." त्याच्या दृष्टीनं यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. तिथे बटणातल्या कॅमेऱ्याची गरज पडली नाही. मी समोरच मोबाइलवर पानाचा फोटो काढला आणि त्यानं मला चहा विचारला.

गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा काय?

१९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा सापडलात तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली पन्नास रुपयांना वजन होतं. आज त्यात पाव किलो खिमा येत नाही. अमेरिकेतल्या कंपनीला कॅमेरा रोखायला कायदा लागतो, कारण फुटेज बाहेर आलं तर ती बुडते. आपल्याकडे फुटेज सिद्ध झालं तरी ठेकेदार पाकिटातून नोट काढून देईल.

अशा क्लिपा व्हॉट्सॲपवर दंगल पेटवतात. मग हे करावंच का?

आपली अडचण दुसरीकडे आहे म्हटलं ती हीच. महाराष्ट्रात गाय पूर्वीपासून आणि बैल-वळू २०१५ पासून कापायला बंदी आहे, म्हैस-रेडा दाखला घेऊन कापता येतो. आता रात्री काढलेल्या, हललेल्या क्लिपमधला काळा रेडा कुणीतरी 'गाय' म्हणून पुढे ढकलतो आणि सकाळी त्या गल्लीत जमाव उभा असतो. जमावाच्या हिंसेबद्दल सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१८ मध्ये तहसीन पूनावाला खटल्यात राज्यांना सविस्तर आदेश दिले, ते वाऱ्यावरच्या भीतीपोटी दिले नव्हते.

माझा डेस्कवरचा नियम साधा होता. क्लिप आली की चार गोष्टी विचारायच्या: जनावर कोणतं, जागा कोणती, तारीख कोणती, आणि मोडलेला नियम कोणता. चौथ्याचं उत्तर 'कापणारा अमुक जातीचा आहे' असं आलं तर ती बातमी नाही. आणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवायचं. एकदा एक गृहस्थ यावरून माझ्याशी तासभर भांडले आणि दुसऱ्या दिवशी तीच क्लिप दुसरीकडे चालली. तिथल्या वार्ताहरानं नंतर फोन करून विचारलं, "दादा, त्यात नक्की कोणतं जनावर होतं हो?"

बाहेरून, रस्त्यावरून चित्रीकरण केलं तर?

सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून जे साध्या डोळ्यांना दिसतं ते टिपायला सहसा हरकत नसते. आत शिरलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९, म्हणजे अतिक्रमण, लागू शकतं. त्यासाठी गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो, म्हणून तुमच्या त्या लिहून ठेवलेल्या टिपणांना महत्त्व. ड्रोन उडवायच्या भानगडीत मात्र नियम न वाचता पडू नका.

क्लिप न्यायालयात पुरावा म्हणून टिकेल का?

टिकवायची असेल तर पहिल्या दिवसापासून काळजी घ्यावी लागते. हा धडा देशाला जालन्यानं शिकवला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावर कैलास गोरंट्याल यांनी तक्रार नेली. निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत सगळं होतं, पण त्या चित्रीकरणाचं प्रमाणपत्र अधिकारी देईनात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूळ उपकरणच हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. आता हेच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश, म्हणजे तिचा डिजिटल अंगठा, लिहावा लागतो.

म्हणून मूळ मेमरी कार्ड काढून पाकिटात सील करा, त्यावर पुन्हा काही रेकॉर्ड करू नका. संकलन प्रतीवर. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप दाबून दाबून चपटी झालेली असते, मूळ फाइल मागा. आणि पार्श्वसंगीत घालू नका हो. करुण बासरी लावलेलं फुटेज बघितलं की न्यायाधीश सोडा, मलाही शंका येते.

कामगारांचे चेहरे दाखवावेत का?

मी नाही दाखवत. चिनोत फौजदारी खटला दोन कामगारांवर झाला. फोर्कलिफ्ट चालवणारा तो माणूस पगारी नोकर होता. आपल्याकडे तर कापणारा बहुतेकदा नगावर मजुरी घेतो, जितकी बकरी तितके पैसे. चेहरा ब्लर करा. पाटी, परवाना क्रमांक, ठेकेदाराचं नाव आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं पद मात्र ठळक दाखवा. अपवाद एकच: स्वतः मजा म्हणून छळ करणारा. तिथेही संपादकांशी बोलून.

कंपनीनं न्यायालयातून मनाई आणली तर?

येते, कधीकधी एका दिवसात, तुमची बाजू न ऐकता. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं खालच्या न्यायालयांना सावध केलं, की खटला चालण्याआधीच बातमी रोखणं ही अपवादानं करायची गोष्ट. मजकूर खोटा आहे हे वरकरणी तरी दिसायला हवं. बदनामीच्या फौजदारी कलमातही सत्य आणि जनहित एकत्र असेल तर बचाव आहे. कंपनीची प्रतिक्रिया छापण्याआधी घ्या, लेखी प्रश्न पाठवा, उत्तराला वाजवी वेळ द्या. प्रतिक्रिया मागितली की लगेच मनाई आणतील, या भीतीनं न मागणाऱ्यांना ते पुढे महागात पडतं.

आणि पत्रकाराला मारहाण झाली तर?

महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. २०१७ मध्ये विधिमंडळानं मंजूर केला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार देताना पोलिसांना कायद्याचं नाव तुम्हीच सांगा.

तुम्ही शाकाहारी आहात का?

नाही. रविवारी मटण असतं. आमचा खाटीक तिसऱ्या पिढीतला आहे आणि कत्तलखान्यातल्या घाणीबद्दल माझ्यापेक्षा जास्त चिडून तोच बोलतो, कारण शिक्क्याचे पैसे तो भरतो.

छुपा कॅमेरा न वापरता काय करता येईल?

बरंच. सरकारमान्य कत्तलखान्यांची अचानक तपासणी करायचा अधिकार २००१ च्या नियमांनी प्राणी कल्याण मंडळाला आणि त्यानं अधिकृत केलेल्या माणसांना दिला आहे. कामाच्या वेळेत, मालकाला आगाऊ न कळवता. तुमच्या जिल्ह्यात असं अधिकृत कुणी आहे का आणि ते शेवटचं कधी गेले, हे विचारा.

इंग्लंडनं २०१८ पासून प्रत्येक कत्तलखान्यात जिवंत जनावरं असतील त्या सगळ्या भागात सीसीटीव्ही सक्तीचा केला. फुटेज ९० दिवस ठेवायचं आणि सरकारी पशुवैद्यकानं मागितलं की दाखवायचं. आपल्याकडेही कॅमेरे बसवल्याच्या बातम्या येतात, उद्घाटनाच्या फोटोसकट. बसवल्यावर बघतं कोण, हे उद्घाटनाच्या बातमीत नसतं.

नगरपालिकेचा कत्तलखाना माहिती अधिकाराच्या कक्षेत येतो, आणि त्या कायद्यातला 'माहितीचा अधिकार' म्हणजे नुसत्या झेरॉक्स नव्हेत. कामाची आणि नोंदींची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही त्यात आहे. मी शिबिरात अर्जाचा नमुना फळ्यावर लिहून देतो, तोच इथे: गेल्या ३० दिवसांत रोज किती जनावरं कापली, त्या प्रत्येक दिवशी किती पशुवैद्यक हजर होते, त्यांच्या हजेरीपटाची प्रत, तपासणी रजिस्टरच्या त्या ३० दिवसांच्या पानांची प्रत्यक्ष पाहणी, सीसीटीव्ही असल्यास फुटेज किती दिवस ठेवतात आणि ते पाहिल्याची नोंद कुठे होते. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा. उत्तर ९६ च्या वर आलं, तर पाहणीला जाताना कॅमेरा गळ्यात अडकवून, दिसेल असा न्या.